गरजू कोण, हे ठरवायचे कोणी?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, भजने आणि प्रवासवर्णने येतातच, व ती यावीतच. परंतु हल्ली मंडळात चार बायका जमल्या की बोलणे ज्या विषयावर येऊन थांबते, त्याविषयी कोणीतरी लिहावे असे मला वाटले. "तुझा फॉर्म मंजूर झाला का?", "त्यांच्या घरकुलाचे काय झाले?", "आजींचे अनुदान का बंद पडले?" हे प्रश्न आपण रोज ऐकतो. सरकारी मदतीला कोण पात्र आणि कोण अपात्र, हे ठरविण्याची रीत आजची नाही. तिला मोठा इतिहास आहे. मी सातवीपर्यंत शिकले. जे वाचले, ऐकले आणि शेजारी पाहिले ते सांगते.

पूर्वी गरिबाला मदत मिळे ती धर्म म्हणून. अन्नछत्रात जेवणाऱ्याला कोणी दाखला विचारीत नसे. पण उद्या छत्र बंद झाले तर तक्रार करण्याचीही सोय नसे. सरकारने मदतीला कसोटी लावली ती दुष्काळात. १८७६-७७ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी इंग्रज सरकारने खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे काढली. जो घरदार सोडून दूरच्या छावणीवर जाईल आणि ठरलेले काम पुरे करील तोच खरा गरजू, असा हिशेब होता. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरीतले धान्य मोठ्या माणसामागे दिवसाला एक पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या किलोवर आणले. बायकांना त्याहून कमी. तेव्हा १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच दुष्काळात सावित्रीबाई फुले व सत्यशोधक मंडळींनी भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. एकीकडे मोजून देणारे सरकार आणि दुसरीकडे न मोजता वाढणारी माउली!

आपल्या डहाणू-तलासरीकडे दुष्काळापेक्षा सावकाराचा जाच मोठा होता. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की वारली कुटुंब जमीनदाराकडून 'खावटी' म्हणजे खाण्यापुरते धान्य उसने घेई. ते वाढीदिढीने फेडायचे. फिटले नाही तर वेठ करायची. लग्नासाठी कर्ज काढणारा नवराबायकोसह धन्याकडे राबे; त्याला लग्नगडी म्हणत. मदत हीच बेडी होती. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने ही वेठ मोडण्याची हाक दिली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी मोठी परिषद भरली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. आज आपण अर्जावर सही करतो तेव्हा समोरच्याकडे काही गहाण टाकावे लागत नाही. ही गोष्ट आपल्या भागात किती महाग पडली, हे विसरता कामा नये.

स्वराज्य आले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, म्हातारपण, आजारपण व अपंगत्व यांत सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करावी असे लिहिले आहे. पण ते कोर्टात मागता येईल असे कलम नव्हे. त्याला पहिले ठोस रूप आपल्या महाराष्ट्राने दिले. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. पुढे कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापू लागले. या कायद्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की येथे गरिबीचा दाखला लागत नसे. उन्हात माती उपसायला येईल तो पात्र. 'मागेल त्याला काम' ही पात्रता माणूस स्वतः सिद्ध करी. २००५ साली केंद्राने देशासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्याचे मूळ आपल्याकडचे.

परंतु ज्यांना माती उपसता येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी १९८० साली राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. तीत विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ मुले, देवदासी, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याची पत्नी, पस्तीशी उलटलेली अविवाहित स्त्री अशा पुष्कळांचा समावेश होत गेला. पासष्ट वर्षांवरील म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आली. २०२३ साली दोन्हींची रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली.

रक्कम वाढली, पण या दोन्ही योजनांना घातलेली कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपयांचीच राहिली. भगिनींनो, याचा हिशेब करून पाहा. महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साठ रुपयेही नाहीत. २०२५-२६ साली रोजगार हमीचा रोज महाराष्ट्रात ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे घरातल्या एका माणसाने तेव्हाच्या केंद्राच्या कायद्याने मिळणारे पुरे १०० दिवस काम केले, तर ३१,२०० रुपये होतात आणि त्याच घरातली विधवा सासू कागदोपत्री अपात्र ठरते! सरकारने एका हाताने दिलेले काम दुसऱ्या हाताने दिलेल्या अनुदानाच्या आड येते. ही मर्यादा वाढावी असे ठराव आपल्यासारख्या मंडळांनी करून पाठवावयास हवेत.

दुसरी अट महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्याची. पुण्या-सातारच्या बाईला ती सोपी वाटेल. आपल्याकडे गुजरातची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. १९६० साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातला उंबरगावचा भाग गुजरातेत गेला. सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या. तिकडून आलेल्या सुनेचा जन्माचा दाखला गुजरातीत, रेशनकार्डावरचे नाव माहेरी, आणि नवरा गेला की सासरी कागद एकही नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेत ही अडचण ओळखून, परराज्यात जन्मलेल्या सुनेला पतीचे दाखले चालतील असे ठरले. ही शहाणपणाची गोष्ट झाली. हीच सवलत निराधार योजनेलाही मिळावी असे मला वाटते.

लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वर्षांच्या बायकांना महिना १,५०० रुपये देऊ केले, व उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. पिवळे अथवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाचा दाखला माफ झाला. १९९९ पासून आपल्याकडे तीन रंगांची कार्डे आहेत. त्या रंगाचे मोल पुष्कळ बायकांना तेव्हा कळले. मात्र २०२५ साली ई-केवायसी करताना पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्या बायका अडून बसल्या. पुढे त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला अथवा घटस्फोटाचा आदेश देण्याची सोय झाली. पण टाकलेल्या बाईकडे यांतला कोणता कागद असणार? नवरा मेलेला नाही, सोडचिठ्ठीही दिलेली नाही. खरी निराधार तीच, आणि तिच्याचकडे पुरावा नाही.

आता घरकुलाविषयी. १९८५ साली इंदिरा आवास योजना निघाली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली व खेड्यातल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये ठरले. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. कातकऱ्यांसाठी २०२३ साली सुरू झालेल्या जनमन योजनेत २ लाख रुपये आहेत. नगरपरिषदेच्या हद्दीत शहरी योजना वेगळी, तिची रक्कमही वेगळी. म्हणून अर्ज करण्याआधी आपले घर नगरपरिषदेत की ग्रामपंचायतीत, हे नक्की करावे.

या योजनेत कोण अपात्र याची यादी वाचण्यासारखी होती. घरी फ्रीज असला, दुचाकी असली, यंत्राची मासेमारी होडी असली की नाव बाद. आपल्या किनाऱ्यावर होडी म्हणजे चैन नव्हे, ती तर पोटाची भाकर. २०२४ साली दुचाकी, फ्रीज व होडी यांच्या अटी काढल्या आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. नियम बदलतात, ते बदलता येतात, हे यातून ध्यानात घ्यावे. ज्यांचे नाव पूर्वी बाद झाले त्यांनी पुन्हा चौकशी करावी.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी संघटना करून कुंभारी येथे १० हजार घरे मिळविली. प्रत्येक घरासाठी केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि बाईचे स्वतःचे २० हजार. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या. त्या वसाहतीला नाव दिले आहे गोदूताई परुळेकरांचे, आपल्या तलासरीच्या रानात वारल्यांबरोबर राहिलेल्या त्याच गोदूताईंचे.

आमच्या आळीतील एका आजींना त्यांचे वय कमी आहे म्हणून एका कचेरीतून तीनदा परत पाठविले. आधारकार्ड काढताना कोणीतरी अंदाजे साल घातले होते. शेवटी सरकारी दवाखान्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला घेऊन आधारवरील साल दुरुस्त केले, तेव्हा काम झाले. त्यात नऊ महिने गेले. नऊ महिन्यांचे साडेतेरा हजार रुपये आजींना कोणी देणार नाही.

म्हणून मंडळाला माझी विनंती अशी. महिन्यातून एक दुपार आपण कागदांसाठी ठेवू. रेशनकार्डावर सुनेचे नाव आहे का, नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली आहे का, आधार, बँकेचे पुस्तक आणि रेशनकार्ड यांवर नाव एकसारखे आहे का, बँकेचे खाते बाईच्या एकटीच्या नावाचे आहे का, एवढे चार प्रश्न प्रत्येकीला विचारावेत. हे दाखले संकट आल्यावर नव्हे, घर सुखात असताना करून ठेवायचे असतात. लिहिता येणाऱ्या मुलींनी फॉर्म भरून द्यावेत, व कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर मंडळाला कळवावे.

ज्याला मदत मिळते त्याला आळशी म्हणणारे लोक १८७७ साली होते आणि आजही आहेत. आपण तरी शेजारणीला तसे म्हणू नये.