दाखल्यावरचा शेरा : एडिंबरोच्या सात विद्यार्थिनींची कथा

धर्मग्रामाच्या कार्यालयात बसणाऱ्या धर्मगुरूला कागदाचे सामर्थ्य कोणी समजावून सांगावे लागत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत समास म्हणून एक अरुंद रकाना सोडलेला असतो. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा अथवा व्रतबंधन यांची नोंद त्या रकान्यात करावी, असा चर्चच्या कायद्याचा दंडक आहे. पुढे केव्हातरी दाखला मागितला की मूळ नोंदीपेक्षा त्या समासातील दोन ओळींकडेच समोरच्याचे लक्ष आधी जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्याचेही तसेच. जन्मतारीख व इयत्ता कोणी फारशी वाचत नाही. 'शेरा' या शब्दापुढे काय लिहिले आहे, ते मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते.

अशा शेऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात एक तंटा उभा राहिला. तो वर्गाच्या दारातून निघून सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला आणि त्याचे पडसाद आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम पार्श्वभूमी. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १८५८ साली वैद्यकीय कायदा झाला आणि डॉक्टरांची एक अधिकृत नोंदवही सुरू झाली. ब्रिटनमधील ठराविक विद्यापीठांची वा वैद्यक मंडळांची पदवी अथवा परवाना असेल त्याचेच नाव त्या नोंदवहीत चढे. कायद्याच्या शब्दांत 'स्त्रियांना मनाई' असे कोठेही नव्हते. परंतु परीक्षा घेणाऱ्या संस्था स्त्रियांना परीक्षेस बसूच देत नसत. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८४९ मध्ये अमेरिकेत पदवी मिळवली होती आणि कायदा होण्यापूर्वीच ब्रिटनमध्ये रुग्णसेवा केली होती. म्हणून त्यांचे नाव नोंदवहीत आले. एलिझाबेथ गॅरेट यांनी १८६५ मध्ये औषधविक्रेत्यांच्या मंडळाच्या नियमातील फट शोधून परवाना मिळवला. मंडळाने लगोलग ती फट बुजवून टाकली! त्यानंतर दार बंद.

१८६९ च्या मार्च महिन्यात सोफिया जेक्स-ब्लेक या एकोणतीस वर्षांच्या बाईंनी एडिंबरो विद्यापीठाकडे वैद्यकशास्त्राच्या प्रवेशासाठी अर्ज केला. बाई गणिताच्या शिक्षिका. अमेरिकेत राहून आलेल्या. हार्वर्डने त्यांना आधीच नकार दिलेला. एकट्या बाईसाठी इतकी व्यवस्था करता येणार नाही, असे एडिंबरोच्या विद्यापीठ मंडळाने कळवले. बाईंनी त्या उत्तरातील 'एकटी' हा शब्द नेमका पकडला आणि सहकारी मिळवण्यासाठी वृत्तपत्रांतून आवाहन केले. एडिथ पेची, इझाबेल थॉर्न, मटिल्डा चॅपलिन, हेलन इव्हान्स अशा एकेक जणी पुढे आल्या. नंतर मेरी अँडरसन आणि एमिली बोव्हेल आल्या. त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेला १५२ उमेदवार बसले, त्यांत पाच स्त्रिया होत्या. आणि पहिल्या सातांत चार स्त्रिया आल्या.

नोव्हेंबर १८६९ मध्ये विद्यापीठाने नियम मंजूर केले. वैद्यकीय व्यवसायासाठी स्त्रियांना प्रवेश मिळेल. मात्र त्यांचे वर्ग वेगळे भरतील. प्राध्यापकांना त्यांना शिकवण्याची मुभा राहील, सक्ती राहणार नाही. पुढचा सारा कलह या 'मुभा' आणि 'वेगळे' या दोन शब्दांच्या पोटात दडलेला होता.

१८७० च्या वसंतात रसायनशास्त्राची परीक्षा झाली. प्रथमच त्या वर्गास बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथ पेची पहिल्या आल्या. या गुणवत्तेसाठी 'होप शिष्यवृत्ती' ठेवलेली होती. प्राध्यापक क्रम ब्राऊन यांनी ती पेचीबाईंना न देता त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्यांना दिली. कारण काय, तर स्त्रिया वेगळ्या तासाला बसतात, म्हणून त्या विद्यापीठाच्या वर्गाच्या सभासद नव्हेत! वेगळे बसवले विद्यापीठाने, आणि वेगळे बसल्याचा दोष विद्यार्थिनींच्या माथी. यातील गंमत अशी की, ज्या प्राध्यापक होप यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती, त्यांनी १८२६ च्या सुमारास शहरातील स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्याने दिली होती आणि त्यांच्या उत्पन्नातूनच या पारितोषिकाचा निधी उभा राहिला होता. बायकांच्या पैशांवर उभी राहिलेली शिष्यवृत्ती, आणि बाई पहिली आली तेव्हा ती तिला नाही.

शिष्यवृत्तीचा गवगवा वृत्तपत्रांत पुष्कळ झाला. पण माझ्या मते खरा घाव दुसरीकडेच होता. वर्ग पूर्ण केल्याबद्दल विद्यार्थ्याला जे प्रमाणपत्र मिळे, तेही या स्त्रियांना नेहमीच्या नमुन्यात मिळेना. त्यांच्यापुढे जो कागद ठेवण्यात आला, त्यावर त्यांनी विद्यापीठातील 'स्त्रियांच्या वर्गात' हजेरी लावली असा मजकूर होता. वाचणाऱ्याला वाटेल, यात खोटे ते काय? स्त्रियांचा वर्ग होताच ना? परंतु पुढच्या व्यावसायिक परीक्षेस बसायचे तर विद्यापीठाचा नेमलेला वर्ग पूर्ण केल्याचा पुरावा हवा. 'स्त्रियांचा वर्ग' असा शेरा पडला की तो कागद त्या कामी निरुपयोगी. मजकुरातले सर्व शब्द खरे असूनही त्यांचा एकत्रित परिणाम अन्यायाचा होऊ शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

विद्यार्थिनींनी विद्यापीठाच्या विद्वत्सभेकडे दाद मागितली. सभेने दोन निर्णय केले आणि दोन्ही एकेका मताच्या फरकाने! नेहमीचे प्रमाणपत्र द्यावे, हा एक. शिष्यवृत्ती मात्र देऊ नये, हा दुसरा. प्रमाणपत्र दिले म्हणजे त्या वर्गाच्या सभासद ठरल्या. शिष्यवृत्ती नाकारली म्हणजे ठरल्या नाहीत. तर्कशास्त्राचा तास चुकवलेल्या विद्यार्थ्यालाही ही विसंगती कळावी.

त्यानंतरचे दिवस कटू होते. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी या स्त्रिया सर्जन्स हॉलकडे गेल्या तेव्हा शेकडोंच्या जमावाने त्यांची वाट अडवली, चिखल फेकला, फाटक तोंडावर आपटले. परीक्षेच्या दालनात कोणी एक मेंढी ढकलून दिली. प्राध्यापक हँडीसाइड शांतपणे म्हणाले, राहू द्या तिला. तिला पाठवणाऱ्यांपेक्षा तिलाच अधिक समज आहे. पुढे एका सभेत जेक्स-ब्लेकबाईंनी एका प्राध्यापकाच्या साहाय्यकावर या दंग्यात पुढाकार घेतल्याचा आरोप केला. त्याने बदनामीचा दावा लावून एक हजार पौंड मागितले. १८७१ मध्ये ज्यूरीने त्याला भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. दाव्याचा खर्च मात्र बाईंवर पडला आणि तो हजार पौंडांच्या जवळपास गेला. चाहत्यांनी वर्गणी काढून तो भरला.

जानेवारी १८७२ मध्ये विद्यापीठ मंडळाने एक तडजोड सुचवली. स्त्रियांनी पदवीचा आग्रह सोडावा. त्यांना 'प्रावीण्याचे प्रमाणपत्र' देण्याचा विचार करू. अभ्यास तोच, परीक्षाही होईल, फक्त कागदाच्या शिरोभागी 'पदवी' हा शब्द नसेल. वरवर पाहता यात औदार्य दिसते. परंतु १८५८ च्या कायद्याला असे प्रावीण्यपत्र ठाऊकच नव्हते. ते हाती घेऊन कोणी नोंदवहीपाशी गेले असते तर रिकाम्या हाताने परतले असते. रुग्ण बरा केला तरी नोंदणीकृत डॉक्टर म्हणून मृत्यूचा दाखलासुद्धा देता आला नसता. विद्यार्थिनींनी तडजोड नाकारली आणि विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

त्याच वर्षीच्या जुलैत न्यायमूर्ती लॉर्ड गिफर्ड यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विद्यापीठाने प्रवेश दिला, शुल्क घेतले, परीक्षा घेतल्या. तेव्हा अभ्यास पूर्ण झाल्यावर पदवी नाकारता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय. विद्यापीठ वरच्या न्यायपीठाकडे गेले. जून १८७३ मध्ये सात विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल फिरला. बहुमताने असे ठरवले की, विद्यापीठ हे आरंभापासून पुरुषांसाठी आहे, ही दीर्घ परंपराच त्याचा कायदा होय. म्हणून १८६९ मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्याचा मुळी मंडळाला अधिकारच नव्हता. नियमच बेकायदा, मग त्याखाली मागितलेला हक्क कोठून येणार? नियम केला विद्यापीठाने, आणि तो चुकला म्हणून चार वर्षे गमावली विद्यार्थिनींनी.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी युरोपच्या नकाशावर जरा दक्षिणेकडे पाहायला हवे होते. बोलोन्या शहर पोपमहोदयांच्या राज्यात असताना तेथील विद्यापीठाने १७३२ मध्ये लाउरा बास्सी यांना डॉक्टरेट दिली, आणि त्यांना पाठबळ देणाऱ्यांत आर्चबिशप लांबेर्तिनी, म्हणजे पुढचे पोप चौदावे बेनेडिक्ट, होते. अर्थात आपली बाजूही सर्वस्वी निर्मळ नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. १६७८ मध्ये पादुआ येथे एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना ईशज्ञानशास्त्राची डॉक्टरेट हवी होती. बिशप कार्डिनल बार्बारिगो यांनी ती नाकारली. शेवटी तत्त्वज्ञानाची दिली गेली. तेथेही विद्वत्ता तीच, कागदावरचा शब्द वेगळा. हे बार्बारिगो पुढे १९६० मध्ये संत म्हणून घोषित झाले.

एडिंबरोत दार लागल्यावर जेक्स-ब्लेकबाईंनी १८७४ मध्ये लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उघडण्यात पुढाकार घेतला. १८७६ मध्ये पार्लमेंटने परीक्षा मंडळांना स्त्रियांना परवाने देण्याची मोकळीक दिली. डब्लिनचे वैद्यक महाविद्यालय तयार झाले आणि १८७७ मध्ये जेक्स-ब्लेक व पेची या दोघींची नावे नोंदवहीत आली. दोघींनी पदवी मात्र स्वित्झर्लंडमधील बर्न येथे घेतली होती. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. स्कॉटलंडच्या विद्यापीठांना त्यासाठी १८९२ उजाडावे लागले.

ज्यांना होप शिष्यवृत्ती नाकारली त्या डॉ. एडिथ पेची १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी हिंदी स्त्रियांच्या उपचारासाठी निधी उभारला होता. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून इस्पितळ उभे राहत होते. आजचे कामा इस्पितळ ते हेच. पेचीबाईंनी ते सांभाळले, स्त्री-डॉक्टरांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे म्हणून आग्रह धरला, आणि मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही त्या बसल्या. ज्यांना एका विद्यापीठाने वर्गाच्या सभासद मानले नाही, त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या कारभारात सभासद झाल्या.

त्यांच्याच आधाराने रखमाबाई लंडनला गेल्या. दादाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला जाणत्या वाचकांना ठाऊक असेलच. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा १८८७ चा हुकूम झेलणारी ही स्त्री. त्या जेक्स-ब्लेकबाईंच्या पुढाकाराने निघालेल्या शाळेत शिकल्या आणि १८९४ मध्ये त्यांनी परवाना मिळवला तो एडिंबरो व ग्लासगो येथील वैद्यक मंडळांचा. पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्य वेचले.

नाशिकला ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्टही याच माळेतली. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या १८९२ मध्ये उत्तीर्ण झाल्या. पदवी हाती पडली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले तेच १९२० पासून. तीस वर्षे त्या 'परीक्षा उत्तीर्ण' होत्या, पदवीधर नव्हत्या. केंब्रिजने तर १९२१ मध्ये नामधारी पदवीची युक्ती काढली; खरी पदवी स्त्रियांना १९४८ मध्ये दिली.

एडिंबरोच्या या लढ्याच्या साथीदारांत खासदार डंकन मॅक्लॅरन यांची कन्या ॲग्नेस होत्या. मायदेशी पदवी मिळणे नाही म्हणून त्यांनी १८७८ मध्ये फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे ती घेतली. १८९८ मध्ये त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली आणि उतारवयात रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी इस्पितळ काढले. पडद्यातील स्त्रियांना पुरुष डॉक्टर चालत नाही. धर्मभगिनींना वैद्यक शिकू द्यावे, असे अर्ज त्यांनी रोमला केले. त्या काळच्या चर्चच्या नियमानुसार व्रतस्थ भगिनींना वैद्यकीय व्यवसाय करता येत नसे. ॲग्नेसबाई १९१३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगेल यांनी रावळपिंडीत काम केले आणि १९२५ मध्ये अमेरिकेत मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था स्थापली. पण त्या भगिनींना जाहीर व्रते घेता येईनात. डॉक्टर असाल तर भगिनी नव्हे, भगिनी असाल तर डॉक्टर नव्हे. फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने ती अट उठवली.

६ जुलै २०१९ रोजी एडिंबरो विद्यापीठाने आपल्या त्या सात विद्यार्थिनींना वैद्यकीय पदवी दिली. सातही जणी दिवंगत झाल्याला कित्येक वर्षे लोटली होती. त्यांच्या वतीने तेव्हा तेथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी ती स्वीकारली. त्या पदवीपुढेही एक शेरा आहे : 'मानद'.