गेंड्याची कातडी

पहिल्या नोकरीत माझा कोड पहिल्यांदा रिव्ह्यूला गेला, तेव्हा त्यावर चाळीसएक कमेंट्स आल्या. माझा पडलेला चेहरा बघून टीममधला एक दादा म्हणाला, "इथे टिकायचं तर गेंड्याची कातडी पाहिजे बाबा." त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर गेंड्याचा एक स्टिकर चिकटवला. कुठल्याशा जुन्या चित्रावरून केलेला, अंगभर चिलखत घातल्यासारखा.

दोन वर्षांनी एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये त्याच्याकडे नीट पाहिलं, तर त्याच्या मानेमागे, खांद्यावर, आणखी एक छोटं पिळदार शिंग होतं. गेंड्याला तिथे शिंग नसतं. पायांवर खवले होते. कातडीच्या जोडांवर रिव्हेट ठोकल्यासारखे ठिपके. मीटिंग संपली, पण मी शोधतच राहिलो.

चित्र आल्ब्रेख्त ड्यूररचं, १५१५ सालचं. जर्मनीत न्यूरेंबर्गला राहणाऱ्या या चित्रकाराने गेंडा कधीच पाहिला नव्हता. आणि ज्या गेंड्याचं हे चित्र, तो निघाला होता चक्क गोव्याहून.

झालं असं, की पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. १५१४ साली त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला परवानगी दिली नाही, भेट म्हणून गेंडा दिला. (नाही म्हणायची ही पद्धत मला फार आवडली.) अल्बुकर्कने तो आपल्या राजाला, मॅन्युएलला, फॉरवर्ड करून टाकला. जानेवारी १५१५ मध्ये मसाल्यांनी भरलेल्या जहाजावर गेंडा चढला. सोबत त्याला सांभाळणारा माणूस होता, पोर्तुगीजांनी त्याचं नाव ओसेम असं लिहिलंय. आफ्रिकेला वळसा घालून साधारण चार महिन्यांत, २० मे रोजी, दोघं लिस्बनला उतरले. तिथल्या लोकांनी प्राण्याचं नावही आपल्याकडचंच उचललं: गंडा.

रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा आला नव्हता. हत्ती आणि गेंडा हाडवैरी असतात, असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलं होतं. राजाने ते तपासायचं ठरवलं. ३ जूनला गेंड्यासमोर एक तरुण हत्ती आणला. हत्ती पळून गेला. गेंडा जिंकला म्हणे!

लिस्बनहून या प्राण्याचं वर्णन आणि एक स्केच न्यूरेंबर्गला पोचलं. तेवढ्या डेटावर ड्यूररने चित्र काढलं, मग लाकडी ठोकळ्यावर कोरून घेऊन छापलं. भारतीय गेंड्याच्या कातडीला खरोखरच मोठ्या घड्या असतात, त्या त्याने पत्र्यासारख्या कडक केल्या. वर जो मजकूर छापला, त्यात गेंडा आल्याचं सालही चुकलंय, १५१३. ड्यूररच्या हयातीतच चार-पाच हजार प्रती खपल्या असा अंदाज आहे. पुढे १५५१ मध्ये गेस्नर या निसर्गअभ्यासकाने आपल्या प्राण्यांवरच्या ग्रंथात तेच चित्र घेतलं. मग त्याच्यावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. खांद्यावरचं शिंग प्रत्येक कॉपीत तसंच उतरत गेलं. १७४१ मध्ये क्लारा नावाची गेंडी बंगालमधून युरोपात आली, सतरा वर्षं गावोगावी फिरवली गेली, तेव्हा कुठे ही चूक सुटायला लागली. सव्वादोनशे वर्षं टिकलेला बग मी अजून तरी पाहिलेला नाही.

इथवर मी मजेत वाचत होतो. मग हान्स बुर्कमायरचं चित्र सापडलं.

हा आउग्सबुर्गचा चित्रकार. त्यानेही १५१५ मध्येच, त्याच गेंड्याचं, त्याच पद्धतीने चित्र छापलं. त्यातला प्राणी साधा आहे. जादा शिंग नाही, रिव्हेट नाहीत, अंगावर कातडीच आहे. आणि त्याचे पुढचे पाय जखडलेले आहेत. या चित्राची एकच प्रत आज शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात. मी फोनवर ते पाय झूम करून बराच वेळ बघत होतो. माझ्या स्टिकरवरच्या गेंड्याच्या पायात काहीच नाही. चिलखत आहे, पण बेडी नाही. लोकांनी हजारोंनी विकत घेतला तो हा.

बेडीचं महत्त्व पुढे कळतं. मॅन्युएलला पोप दहाव्या लिओची मर्जी हवी होती, म्हणून डिसेंबर १५१५ मध्ये गळ्यात हिरवा मखमली पट्टा घालून गेंड्याला पुन्हा जहाजावर चढवलं, आता रोमला. वाटेत मार्सेयजवळ फ्रान्सच्या राजाने त्याला पाहून घेतलं. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यावर, पोर्तो वेनेरेजवळ, जहाज वादळात बुडालं. गेंडे उत्तम पोहतात. काझीरंगात पूर येतो तेव्हा पोहत उंचावर जातात. हा मात्र डेकला साखळीने बांधलेला होता.

आता आपल्या वाक्प्रचाराबद्दल. गेंड्याच्या कातडीच्या ढाली आपल्याकडे वापरात होत्या, त्यामुळे कातडी जाड हे खरंच. ड्यूररला मी एकट्याला दोष देणार नाही. पण जिवंत गेंड्याला ऊन लागतं, किडे चावतात, म्हणून तो तासन्‌तास चिखलात लोळतो. ज्याला काहीच लागत नाही असा प्राणी आपण भाषेत बनवलाय, त्यांनी लाकडावर कोरला. दायमाबादच्या कारागिराने मात्र तसं केलं नसावं, असं वाटतं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ साली ब्राँझच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या, त्यांत एक गेंडा आहे. हजारो वर्षांपूर्वीचा. त्याचा फोटो बघितला, तर तो फक्त उभा आहे. शांत, थोडा जडशीळ, गुरांपैकीच एक असल्यासारखा.

स्टिकर मी काढायला गेलो, अर्धा निघाला. मागचे पाय आणि शेपूट तेवढी उरलीत.

पुन्हा दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली, कारण एक गोष्ट तपासायची राहिली होती. जहाजावर चार महिने या प्राण्याला चारा-पाणी कुणी दिलं असेल? ओसेम ड्यूररच्या चित्रात नाही. बुर्कमायरच्याही नाही.