शौर्य आणि समन्वय

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शौर्याची वाण नव्हती. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलूनही कसाबची बंदूक सोडली नाही. उणीव होती ती समन्वयाची. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे राम प्रधान समितीने नोंदविले. मानेसरचे कमांडो पोहोचेपर्यंत सकाळ उजाडली. त्यांचे मुंबई केंद्र २००९ साली उभे राहिले. मात्र छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांच्या एकाच आवाजाने असंख्य प्रवाशांना सुरक्षित वाट दाखविली.

आम्हां जांबोटीकरांकडे खानापूर-बेळगावची कुमक रानातल्या रस्त्याने येणार. म्हणून जत्रेच्या गर्दीत हाक कोणी द्यावी, वाट कोणती धरावी, हे आधीच ठरवून ठेवावे, हाच त्या रात्रीचा बोध आम्ही मानतो.