कापलेल्या बोटांचें संगीत

१३ फेब्रुवारी १९७० या दिवशीं, शुक्रवारीं, इंग्लंडमध्यें 'ब्लॅक सॅबथ' या संगीतमंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका त्याच नांवानें प्रसिद्ध झाली. रॉक संगीताची जी कठोर व घनगंभीर शाखा पुढें 'हेवी मेटल' म्हणून ओळखली जाऊं लागली, तिचा आरंभ पुष्कळ जाणकार याच तबकडीपासून धरतात. मंडळीच्या नांवामुळें व वेष्टणावरील काळ्या वस्त्रांतील स्त्रीच्या चित्रामुळें सैतान आणि चेटूक यांचीच चर्चा तिच्याभोंवतीं फार झाली. परंतु या संगीताचें मूळ शोधावयाचें तर चेटकिणीच्या गुहेकडे न जातां कारखान्याच्या दारांत जावें लागतें.

तें दार बर्मिंगहॅम शहरांतील. या शहराची उपजीविका पिढ्यान् पिढ्या धातुकामावर चालत आलेली. दुसऱ्या महायुद्धांत त्यावर जर्मन बाँब पडले, आणि युद्धानंतरहि तेथील मुलें पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांतून खेळत वाढलीं. त्यांतच अ‍ॅस्टन भागांतील हे चार तरुण होते : टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ओझी ऑसबोर्न. बटलर हिशेबनिसाचें काम शिकत होता. ऑसबोर्ननें कांहीं काळ कत्तलखान्यांत काम केलें होतें. शाळा सुटली कीं कारखाना, हा तेथील बहुतेकांचा ठरलेला मार्ग.

आयोमी सतरा वर्षांचा असतां पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. गिटारवादनाच्या आशेनें त्यानें नोकरी सोडण्याचें ठरविलें. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारीं जेवावयास घरीं आल्यावर परत जाण्याची त्याची इच्छा नव्हती. पण हातचें काम पुरें करून यावें, असें आईनें सांगितलें. त्या दिवशीं त्याला नेहमींच्या कामाऐवजीं पत्रा दाबण्याच्या यंत्रावर बसविलें होतें. यंत्र खालीं आलें, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोंकें तुटून गेलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच.

वाजविणें आतां संपलें, असें डॉक्टरांनीं त्याला सांगितलें. तेव्हां कारखान्यांतील एका वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली. १९२८ सालीं आगींत भाजल्यामुळें या जिप्सी वादकाच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं होतीं. तरीहि तो युरोपांतील श्रेष्ठ गिटारवादकांत गणला गेला. तें ऐकून आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें घडविलीं व त्यांवर जुन्या जाकिटाचें चामडें चिकटविलें. जाड तारा दाबतां येईनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. टोपणाखालीं तार जाणवत नसे. म्हणून तो ती जोरानें दाबी, आणि पुष्कळदां दोन-तीन स्वरांच्या सोप्या पण भारदस्त संघातांवर भर देई. त्याच्या नादाला जें वजन आलें, त्याचा एक उगम येथें आहे.

१९६९ साल सरत असतां लंडनच्या एका लहानशा ध्वनिमुद्रणगृहांत, रॉजर बेन यांच्या देखरेखीखालीं, जवळजवळ सारी तबकडी एका दिवसांत मुद्रित झाली. रोज सभागृहांत वाजवीत तसेंच चौघांनीं एकत्र वाजविलें. पाऊस, मेघगर्जना व घंटानाद मागाहून जोडण्यांत आले.

त्या पावसानंतर येणारी स्वरावली आपल्या श्रोत्यांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी. आधीं षड्ज, मग वरचा षड्ज, आणि तेथून खालीं येऊन तीव्र मध्यम! आपल्या यमनांत हाच तीव्र मध्यम सायंकाळ प्रसन्न करतो. जुन्या युरोपीय संगीतशास्त्रज्ञांनीं मात्र या अंतराला 'संगीतांतील सैतान' म्हटलें होतें. यमनांत तो आजूबाजूच्या स्वरांचा हात धरून येतो. येथें तो एकटा, रिकाम्या जागेंत, संथपणें आदळतो. स्वर एकच, संगत बदलली कीं भाव बदलतो.

टीकाकारांनीं तबकडीला मान दिला नाहीं. अमेरिकेंतील 'रोलिंग स्टोन' पत्रांत लेस्टर बँग्ज यांनीं तिची कठोर हजेरी घेतली. लोकांनीं मात्र ती उचलून धरली : ब्रिटनच्या यादींत ती आठव्या आणि अमेरिकेच्या यादींत तेविसाव्या स्थानापर्यंत चढली. यंत्राचा घणघणाट ज्यांच्या कानांत दिवसभर घुमे, त्यांना हें संगीत परकें वाटलें नाहीं, यांत नवल तें काय?

येथें एक मोह टाळला पाहिजे. बोटें तुटलीं म्हणून नवें संगीत जन्मलें, असें म्हणून त्या यंत्राचे आभार मानण्याची चाल पडूं पाहते. असल्या यंत्रांखालीं किती हात गेले, आणि त्यांतून संगीत निघालें नाहीं! येथें श्रेय अपघाताचें नव्हे. टोपणें घडविणाऱ्या हट्टाचें, आणि वेळेवर एक तबकडी पुढें करणाऱ्या सहृदयतेचें आहे.

५ जुलै २०२५ रोजीं हे चौघे त्याच अ‍ॅस्टनमध्यें अखेरचे एकत्र वाजले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस ऑसबोर्न निवर्तला. पहिली तबकडी मात्र राहिली आहे. ती पुन्हां ऐकाल तेव्हां सैतानाला क्षणभर बाजूस ठेवा, आणि तार दाबणाऱ्या त्या दोन बोटांकडे कान द्या.