१९० रुपयांचा लॅपटॉप आणि खामगावचा फोन: सौदा पक्का कधी होतो?

मी हरसूलचा, नाशिक जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाचा. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि इथे तुमच्यासोबत रोजच्या गोष्टींचा इतिहास खणत बसतो. ऐकायला वेळ नसेल तर हा घ्या आजच्या भागाचा लेखी अवतार.

आजचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मध्यरात्री ग्रुपवर लिंक पडते, "प्राइस एरर आहे, लवकर घ्या!" वीस-पंचवीस हजारांची वस्तू दोन-तीनशे रुपयांत दिसत असते. ऑर्डर होते, खात्यातून पैसे कटतात, "ऑर्डर कन्फर्म" असा मेसेजही येतो. मग सकाळी दुसरा मेसेज: "क्षमस्व, ऑर्डर रद्द करण्यात आली आहे." ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, कंपनीने शब्द दिलाय, माल द्यायलाच पाहिजे. दुसरी म्हणते, फुकटचं मिळेल असं वाटलंच कसं?

दोन्ही पार्ट्यांना पोटात घेऊन कायदा गेली दीडशे वर्षं एकाच प्रश्नाशी झगडतोय: सौदा नेमका कोणत्या क्षणी पक्का होतो?

आधी आपल्याकडची एक गाजलेली केस. २०१४ साली ओडिशातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला अ‍ॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने ऑर्डर केली, ती कन्फर्म झाली, आणि थोड्याच वेळात रद्दही झाली. त्याला प्रोजेक्टसाठी लॅपटॉप हवा होता, तो शेवटी पूर्ण पैसे मोजून दुसरीकडून घ्यावा लागला. पोरगा ग्राहक मंचात गेला. लढाई वर्षानुवर्षं चालली, आणि जानेवारी २०२१ मध्ये ओडिशाच्या राज्य ग्राहक आयोगाने कंपनीला नुकसानभरपाई, दंड आणि खर्च मिळून ४५,००० रुपये द्यायला सांगितले. लक्षात घ्या, १९० रुपयांत लॅपटॉप मिळाला नाही. शब्द मोडल्याची किंमत मिळाली.

ग्राहकाने ऑर्डर केली, कंपनीने ती मान्य केली, तिथेच करार झाला, असं आयोगाने धरलं. पण "मान्य केली" म्हणजे नक्की कधी? इथून इतिहास सुरू होतो.

आपल्या बाजारांत याचं उत्तर फार जुनं आहे: विसार. बैल पसंत पडला, भाव ठरला, की घेणारा थोडे पैसे हातावर ठेवतो. विसार घेतला की विकणाऱ्याने दुसऱ्याशी बोलायचं नाही. घेणारा फिरला तर विसार बुडाला. म्हणजे पैसे आणि शब्द एकाच क्षणी हात बदलतात, चार माणसांच्या समोर. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता १८७२. त्या वर्षी इंग्रजांनी भारतीय करार कायदा आणला आणि तो आजही चालू आहे. तुमची प्रत्येक ऑनलाइन ऑर्डर त्याच्याच अंगणात होते. हा कायदा पत्रांच्या जमान्यातला. त्याचं चौथं कलम म्हणतं की स्वीकाराचं पत्र टपालात पडलं, तुमच्या हातातून सुटलं, की प्रस्ताव देणारा बांधला गेला. पत्र वाटेत असलं तरी.

त्यानंतर चार वर्षांनी टेलिफोनचं पेटंट निघालं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांसमोर फोन नव्हताच. हा तिढा सुटायला जवळपास नव्वद वर्षं लागली, आणि तो सुटला आपल्या विदर्भातल्या खामगावमुळे.

खामगाव म्हणजे कापसाची मोठी पेठ. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या एका जिनिंग-ऑइल मिलशी ट्रंक कॉलवर सरकी पेंडीचा सौदा केला. पेंड आली नाही. अहमदाबादवाल्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या कोर्टात लावला. खामगाववाले म्हणाले, आम्ही "हो" म्हणालो ते खामगावात बसून, म्हणून करार खामगावात झाला, खटलाही इकडेच चालवा. अहमदाबादवाले म्हणाले, तुमचं "हो" आम्ही ऐकलं ते अहमदाबादेत!

वरवर बघितलं तर हे गावाचं भांडण. पण खरा प्रश्न हाच की "हो" बोललं तेव्हा करार झाला, की ऐकलं तेव्हा? प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. ३० ऑगस्ट १९६५ रोजी तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी, शाह आणि वांच्छू यांनी, सांगितलं की फोनवर बोलणं हे समोरासमोर बोलण्यासारखंच आहे. त्यामुळे "हो" समोरच्याच्या कानावर पडलं तिथेच करार. अहमदाबाद जिंकलं. तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांनी वेगळं मत दिलं. कायद्यात जे शब्द लिहिलेत ते फोनलाही लागू होतात, बोलणाऱ्याच्या तोंडातून "हो" सुटलं की झालं, म्हणून करार खामगावचा.

माझ्यासारख्या कोडवाल्याला हा वाद फार ओळखीचा वाटतो. रिक्वेस्ट पाठवली तेव्हा व्यवहार झाला की सर्व्हरकडून उत्तर आलं तेव्हा? तुमचं यूपीआय मध्येच गोल गोल फिरत राहतं तेव्हा तुम्ही नेमके याच फटीत अडकलेले असता.

दरम्यान इंग्लंडमध्ये तिसरंच उत्तर तयार होत होतं. बूट्स ही औषधांची मोठी साखळी. तिने लंडनजवळच्या एजवेअरमध्ये सेल्फ-सर्व्हिस दुकान काढलं: गिऱ्हाइकाने फळीवरून बाटली स्वतः उचलायची आणि काउंटरवर यायचं. काही औषधं फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच विकायची असा कायदा होता. मग विक्री कुठे झाली, फळीपाशी की काउंटरपाशी? १९५३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, काउंटरपाशी. फळीवर किंमत लावून वस्तू ठेवणं म्हणजे दुकानदाराचा प्रस्ताव नाही, ते फक्त "या, विचारा" असं आमंत्रण. प्रस्ताव गिऱ्हाईक देतं, आणि दुकानदार तो घेऊ शकतो किंवा नाकारू शकतो.

आजच्या शॉपिंग साइट याच निकालाच्या वळचणीला उभ्या आहेत. स्क्रीनवरची किंमत म्हणजे फळीवरची बाटली. तुम्ही ऑर्डर दाबता तो तुमचा प्रस्ताव. अनेक मोठ्या साइटच्या अटींत, जिथे आपण न वाचता टिक करतो तिथे, पुढची पायरी लिहिलेली असते: कन्फर्मेशनचा मेसेज म्हणजे फक्त पोच. आमचं "हो" होतं ते माल रवाना झाल्यावर.

हे असं का लिहितात? कारण करार एकदा झाला की आपला कायदा कडक आहे. त्याचं बाविसावं कलम सांगतं की फक्त एका बाजूची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली म्हणून करार मोडता येत नाही. म्हणजे "आमच्या माणसाने किंमत चुकीची टाकली" एवढं कारण पुरत नाही. म्हणून कंपन्यांचा सगळा जोर "करार अजून झालाच नव्हता" यावर असतो.

आता दुसऱ्या पार्टीचं ऐकू. चूक दिसत असताना तिचा फायदा घेणाऱ्याचं काय?

१९३९ ची इंग्लंडमधली केस. अर्जेंटिनाच्या सशांची ३०,००० कातडी विकायची होती. बोलणी सगळी नगाच्या भावाने झाली होती, पण लेखी भाव देताना विकणाऱ्याने चुकून पाउंडाचा भाव लिहिला. एका पाउंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे भाव एक तृतीयांशावर आला. कोर्टाने खरेदीदाराला सांगितलं, तू याच धंद्यातला, तुला ही चूक कळलीच असणार, तेव्हा सौदा नाही. आपल्या आठवडे बाजारात कुणी नागलीचा किलोचा भाव चुकून पायलीला सांगितला, तर लोक जे म्हणतील तेच.

इंटरनेटच्या काळातली याची मोठी बहीण सिंगापूरची. जानेवारी २००३ मध्ये एका कंपनीतल्या ट्रेनिंगच्या वेळी चाचणीसाठी टाकलेला आकडा चुकून खऱ्या साइटवर गेला. ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला. रात्रीतून बातमी मित्रामित्रांत फिरली. त्यातल्या सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले! कन्फर्मेशनचे मेल आपोआप गेले. कंपनीने नकार दिला, सहाही जण कोर्टात गेले आणि हरले. २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. ही चूक आहे हे त्यांना माहीत होतं, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. त्यांनी आपापसात केलेलं बोलणंच त्यांच्या अंगावर आलं. म्हणजे "प्राइस एरर आहे, लवकर घ्या" हा मेसेज फक्त आनंदाचा नसतो, तो पुरावाही असतो.

आणि दर वेळी समोर धनाढ्य कंपनीच असते असंही नाही. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी ब्रिटनमध्ये किंमती आपोआप बदलणारं एक सॉफ्टवेअर बिघडलं, आणि अ‍ॅमेझॉनवरच्या छोट्या विक्रेत्यांचा माल तासाभरासाठी एका पेनीला दिसू लागला. बऱ्याच ऑर्डर रद्द झाल्या, पण काही माल गोदामातून निघूनही गेला. फटका बसला तो घरगुती धंदेवाल्यांना, ख्रिसमसच्या तोंडावर. उद्या येवल्याच्या एखाद्या विणकराची पैठणी अशी दिसली तर आपण किती जण "कार्टमध्ये टाक" म्हणू?

अशा चुका होतात कशा? आमच्या धंद्यातलं एक साधं उदाहरण सांगतो. पेमेंटच्या कोडमध्ये रक्कम बहुतेक वेळा रुपयांत नाही, पैशांत ठेवतात, म्हणजे दशांशाची भानगड नको. एका ठिकाणी शंभराने भागायचं असतं. कुणी ते दोनदा केलं की २५,००० चे २५० होतात. संगणकाला त्यात काही वावगं दिसत नाही. बैलबाजारात विकणारा स्वतःच्या तोंडाने अडीचशे म्हणाला असता, तर शेजारच्याने "अरे, काय बोलतोस!" म्हणून कोपराने ढोसलं असतं. ऑनलाइन बाजारात तो शेजारी नसतो. तो कोडमध्ये लिहावा लागतो: किंमत कालच्यापेक्षा इतकी खाली आली तर थांब, माणसाला विचार. हे लिहायला खर्च येतो. तो खर्च कंपनीने करायचा, की ऑर्डर रद्द करून गिऱ्हाइकाने सोसायचा, हा माझ्या मते खरा वाद आहे.

कारण खामगावपासून इथपर्यंत एक गोष्ट उलटी झाली. विसारात पैसे आणि शब्द एकत्र हात बदलायचे. आज पैसे ऑर्डर दाबताक्षणी जातात, तेही पूर्ण. शब्द मात्र माल रवाना होईपर्यंत मोकळा राहतो. तो क्षण कुठे ठेवायचा हे एकच बाजू ठरवते, स्वतःच्या अटींत. १,६०६ प्रिंटर मागवणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण सेल चालू असताना एकच फवारणी पंप स्वस्त दिसला म्हणून घेतलेल्या शेतकऱ्याला ते मोठी सूट आहे की चूक हे कसं कळावं? सत्तर-ऐंशी टक्के सुटीच्या जाहिराती तर रोजच्याच. त्याचे पैसे परत येईपर्यंत अडकतात, आणि फवारणीचा वाफसा कुणासाठी थांबत नाही.

कायदा थोडा थोडा इकडे सरकतोय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनी स्वतःहून ऑर्डर रद्द करताना स्वतः काही सोसत नसेल, तर गिऱ्हाइकाने रद्द केल्यावर तिला त्याच्याकडून दंड घेता येत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खामगावचं भांडण ग्राहकापुरतं मिटवूनच टाकलं. कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो की गुरुग्रामला, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे हरसूलच्या माणसाला नाशिक पुरतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. ऑर्डर, किंमत आणि कन्फर्मेशन, तिन्हींचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

माझं मत विचाराल तर सौद्याचा निकाल दोन प्रश्नांवर लागावा. घेणाऱ्याला चूक दिसत होती का? आणि विकणाऱ्याने पैसे घेतले होते का? पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर गिऱ्हाइकाने गप्प बसावं. पहिल्याचं "नाही" आणि दुसऱ्याचं "हो" असेल, तर विसार घेतलेल्या माणसाने फिरायचं नसतं, हे खामगावच्याही आधीपासून आपल्या बाजारांना ठाऊक आहे.

तुमच्यापैकी कुणाची अशी ऑर्डर कधी रद्द झाली असेल, तर किती नग मागवले होते तेही प्रामाणिकपणे कळवा. भेटू पुढच्या भागात!