फॅक्टरी, नायर आणि कमलाबाई

गेल्या पंधरवड्यात तीन चित्रपट पाहिले. एक विनोदी, दोन माहितीपट. ठरवून नाही हो, एकाचं बोट धरून दुसरा आला. मी काही चित्रपटांची अभ्यासक वगैरे नाही. जेवण झाल्यावर भांडी आवरून जे लावता येईल ते लावणारी साधी प्रेक्षक. त्यामुळे पुढचं सगळं त्या बेतानेच वाचा.

पहिला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा, २००९ चा. ऑस्करसाठी भारतातर्फे गेला होता तेव्हा खूप गाजला, आणि तेव्हाच पाहिला होता. आता परत पाहिला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा बनवला त्याची गोष्ट, पण कुठे डोळ्यांत पाणी आणायचा आटापिटा नाही. घरातलं सामान विकलं जातंय, शेजारीपाजारी डोकं फिरलंय म्हणताहेत, मध्येच डोळे जायची वेळ येते, आणि नंदू माधवचे फाळके मात्र नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखे उड्या मारताहेत. सरस्वतीबाईही (विभावरी देशपांडे) रडूबाई नाहीत. नवऱ्याइतक्याच त्या उद्योगात बुडालेल्या.

नावाची गंमत ठाऊक असेलच. तेव्हा सिनेमात काम करतो म्हणणं म्हणजे अब्रू घालवणं. म्हणून कोणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगायचं! बायका तर मिळेचनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. तिथे दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. मग मिशा काढायचा प्रश्न. बाप जिवंत असताना मिशी कशी उतरवायची?

आमच्या आत्याचं (वय ८१, मूळची नाशिकची) मत वेगळं. ती म्हणाली, "हसवलंय छान, पण माणसाचं पुढे काय झालं ते कुठंय?" आत्याला मुद्द्याचं बोट ठेवायची सवय आहे. चित्रपट यशाच्या भरात संपतो. पुढे १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी पटेना, फाळके सगळं सोडून काशीला जाऊन राहिले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, परत आले. बोलपटांच्या काळात १९३७ ला 'गंगावतरण' केला, तोवर जमाना बदललेला. १९४४ च्या फेब्रुवारीत नाशिकला गेले, ते ओढगस्तीतच. यातलं काहीही चित्रपटात नाही.

मला मात्र हे गाळणं पटलं. शेवट माहीत असला की आपण सुरुवातही शेवटाच्या रंगात रंगवतो. १९१२ सालच्या फाळक्यांना १९४४ कुठे माहीत होतं? ते तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपत बसले होते. त्या बियाचा वेल होताना दाखवणाऱ्या इवल्याशा फिल्मवरच तर त्यांना पैसे मिळाले. म्हणजे बघा, आपल्याकडचा एक अगदी सुरुवातीचा माहितीपट वाटाण्यावर! पुढे त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्मही केली, आगपेटीच्या काड्या नाचवल्या, चित्रपट कसे तयार होतात तेही चित्रपटातूनच दाखवलं. पौराणिक पट काढणारे दाढीवाले ऋषी अशी जी प्रतिमा आपल्या डोक्यात असते, तिच्यापेक्षा मोकाशींचा खट्याळ जादूगार खऱ्या फाळक्यांच्या जवळचा असावा, असं मला तरी वाटतं.

मग नेटवर खुद्द 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले तुकडे शोधले. मूळ चित्रपट ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. आज जे पाहायला मिळतं ते फाळक्यांनी १९१७ ला पुन्हा केलेल्या प्रतीतलं आहे, असं बरेच जाणकार म्हणतात. हौदाचा तो प्रसिद्ध प्रसंग आहे त्यात. तारामती आणि सख्या पाण्यात खेळताहेत, ओल्या साड्या, आणि सगळेच्या सगळे पुरुष. हसू येतंच. पण दोन मिनिटांनी मी त्या सख्यांपैकी एकाकडेच बघत बसले. संध्याकाळी घरी गेल्यावर यानेही 'फॅक्टरीत होतो' असंच सांगितलं असेल का?

तर हे तुकडे तरी उरले कसे, म्हणून दुसरा चित्रपट. 'सेल्युलॉइड मॅन', शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा २०१२ चा माहितीपट. दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. अडीच तासांच्या आसपास आहे, आणि थोडा लांबलाच आहे. एकामागून एक मोठी माणसं येऊन कौतुक करतात ते निम्मं चाललं असतं. पण ज्यांच्याबद्दल आहे ते पी. के. नायर समोर आले की तक्रार विसरायला होते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी हे तिथे लागले. १९९१ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी हजारो चित्रपट गोळा केले. लहानपणी सिनेमाची तिकिटं जपून ठेवणारा मुलगा! अंधारात टॉर्च लावून टिपणं काढत चित्रपट बघायचे, आणि कुठला प्रसंग कितव्या रिळात हे तोंडपाठ. लॉ कॉलेज रोडवरून मी किती वर्षं जा-ये केली असेल, पण आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता.

फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची (१९१९) रिळं नायरांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवली आणि मग जुळवत बसले. तो चित्रपट जवळजवळ पूर्ण आहे, जरूर बघा. सुरुवातीला फाळक्यांची छोटी मंदाकिनी नुसते चेहऱ्याचे हावभाव करून दाखवते, राग, हसू, भीती. आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीची सहा-सात वर्षांची पोर आपल्याकडे बघून तोंडं वेडावते आहे. माझा भाचा तर तिच्याबरोबर तोंडं करायला लागला :-)

पण बाकीच्यांचं काय झालं? आपल्याकडे सुमारे १७०० मूकपट निघाले, त्यातले नऊ हाती लागले असं नायर सांगतात. नऊ. कारणंही साधीच. जुनी नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते आणि भडकन पेटते. २००३ ला पुण्यातच आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. आणि फिल्मवरच्या थरात चांदी असते. लोकांनी ती चांदी काढून घेण्यासाठी रिळं विकली. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१), त्याची उरलीसुरली रिळं खुद्द आर्देशिर इराणींच्या मुलाने अशीच चांदी काढून मोडीत काढली. ही हकीकत नायर कसलाही आवाज न चढवता सांगतात. मला तर चिडायलाही जमेना. घरात पडलेले डबे, जागा अडते, वास येतो, आणि तो चित्रपट आता बघणार कोण, असं कुणालाही वाटलं असतं. नायर २०१६ च्या मार्चमध्ये गेले.

तिसरा, 'कमलाबाई'. रीना मोहन यांचा १९९२ चा, पाऊण तासाचा. तिन्हींतला मला सगळ्यात आवडलेला. साळुंकेंची तारामती झाली त्याच वर्षी पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये फाळक्यांना दोन खऱ्या बायका मिळाल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला. दुर्गाबाई पार्वती, कमला मोहिनी. तीच कमला नव्वदीत कॅमेऱ्यासमोर बसली आहे. (विक्रम गोखल्यांची आजी म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना ओळख पटते.) ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात मुलं, आणि नाटकात बायकांचीच नव्हे तर पुरुषांचीही कामं केलेली बाई. पुरुष साडी नेसून तारामती होतो त्याची आपण शंभर वर्षं गंमत सांगतो, पण ही बाई पुरुष होऊन रंगमंचावर उभी राहायची, हे किती जणांना माहीत आहे?

'फॅक्टरी'त नसलेलं, 'सेल्युलॉइड मॅन'मध्येही नसलेलं काहीतरी इथे आहे. रिळं जपता येतात, पण त्या रिळात जे होते त्यांना कुणी वेळेवर जाऊन विचारलं का? इथे विचारलं. आणि ती 'पहिली अभिनेत्री' म्हणून पुतळ्यासारखी बसत नाही. पाठ असलेले संवाद म्हणून दाखवते, हसते. कमलाबाई १९९७ ला गेल्या. पाच-सात वर्षं उशीर झाला असता तर पाऊण तासाचं हे सगळं नसतंच.

आत्याला हा दाखवला तेव्हा ती संपेपर्यंत काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णांचं ते कीर्तन कुणी टेप केलं होतं ना?" केलं होतं. १९८९ ला, सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी. व्हिडिओ कॅसेट आहे, आणि ती दादाकडे माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. वहिनी, तुम्ही हे वाचता ते मला माहीत आहे. दिवाळीच्या आवराआवरीत तो डबा काढलात तर फेकू नका, बुरशी आलेली असली तरी. पुण्यात साफ करून कॉपी करून देणारा एक जण मिळाला आहे. मी रविवारी न्यायला येते.