पिंपरीची बाटली, बाल्टिमोरच्या पेशी

नंदुरबार, शहादा, तळोदा भागात फार्मसी किंवा मायक्रोबायॉलॉजी शिकणाऱ्यांपुढे प्रोजेक्टच्या वेळी एक प्रश्न येतोच. सातपुड्यातल्या एखाद्या झाडपाल्याचा अर्क तर काढला, पण त्यात खरंच औषध आहे का हे तपासायला अँटिबायोटिक आणि पेशी आणायच्या कुठून? पत्ते मी सांगतोच, पण त्या पत्त्यांमागची गोष्टही ऐका.

आधी अँटिबायोटिक. अर्क जंतू मारतो असं म्हणायचं, तर तुलनेला ओळखीचं औषध हवं. मेडिकलमधली गोळी कुटून चालत नाही, कारण तिच्यात औषधाबरोबर स्टार्चबिर्च असतं. शुद्धता लिहिलेली पावडर लागते. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन असे प्रमाण नमुने देतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण पेनिसिलिनसाठी परदेशावर अवलंबून होतो. मग जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली. तिथले एम. जे. थिरुमलाचार आणि सहकारी यांनी बुरशीवरचं एक नवं औषधही शोधलं, हॅमायसिन. ते तयार करणाऱ्या जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. शास्त्रीय नावात पिंपरी! पुण्याची लोकं मिसळीचा अभिमान सांगतात, याचा का नाही, कोण जाणे.

आता पेशी. अर्काने जंतू मेले, पण माणसाच्या पेशीही मेल्या तर उपयोग काय? म्हणून सेल लाइन लागते, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या पेशी. माणसाच्या अशा पहिल्या पेशी १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात मिळाल्या. हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून, तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी, हेला, आजही जगभर वाढतायत.

त्या इतक्या दांडग्या, की दुसऱ्या बाटलीत एखादा थेंब गेला तरी तिथल्या पेशींना मागे टाकून सगळी जागा व्यापतात. १९६० च्या दशकात स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं, की वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या कितीतरी सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच होत्या. म्हणून मित्राच्या लॅबमधून उसनी बाटली आणू नका. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. पेशी वाढवायच्या, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपायच्या आणि देशभरच्या लॅबना पुरवायच्या, हे तिथलं मूळ काम. पेशी तिथून मागवा, ओळख तपासल्याच्या कागदासकट.

पेशींच्या खाद्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालतात. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून त्या वाचतात. पण मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूलाही भिंत नसते. तो बाटलीत गुपचूप राहतो, पाणी गढूळही दिसत नाही आणि तुमचे सगळे आकडे खोटे ठरतात. त्याची चाचणी वेगळी करावी लागते, ती टाळू नका.

हेच पेनिसिलिन नंदुरबारला आणखी एका कारणाने जवळचं. इथल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलच्या बाळाची प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू जिवावर उठतात. १९८६ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिल्यावर असा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास वेळेआधीच थांबवला गेला.

उद्या तुमच्यापैकी कुणी सिकलसेलवरचं औषध शोधायला बसेल. तेव्हा पुण्याहून आलेली बाटली पुरणार नाही, धडगाव-अक्कलकुव्यातल्या पाड्यांवरच्या माणसांचं रक्त लागेल. ते कशासाठी घेतोय, कुठे ठेवणार, पुढे त्याचं काय होणार, हे त्यांना भिलीत, पावरीत सांगून, विचारून घ्यायचं. नुसत्या मराठी फॉर्मवर अंगठा घेणं म्हणजे विचारणं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हॅमायसिनचं पुढे काय झालं, ते पुढच्या भागात.